पावणेपाचच्या आधी

बांबू बासष्ट. त्यांतले उभे अठ्ठावीस, आडवे चौतीस. छताची कापडं चव्वेचाळीस, सगळी कोरी. बावीस पिवळी, बावीस पांढरी. काथ्याची भेंडोळी अकरा. शिडी एक. आणि शिडीच्या वरच्या पायरीवर, सुतळीचं टोक दातांत धरून उभा असलेला माणूस एक.

शनिवारी सकाळी, आमच्या चिंताकी गावात, माणिककाकांच्या दारापुढं एवढं होतं. माझी चुलत बहीण सुशीला हिचं लग्न दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पाच वाजता होतं. मे महिन्याचं ऊन टाळायचं म्हणून पाच. फार्मवरून घरी जाता जाता मी थांबले आणि मोजत राहिले.

“अक्का, मोजून झालं असंल तर तेवढं भेंडोळं द्या वर,” शिडीवरचा माणूस म्हणाला.

मी दिलं. ते घेताना त्यानं विचारलं, किती भरले बांबू? मी म्हटलं, बासष्ट.

“त्रेसष्ट हाईत.”

मी पुन्हा मोजले. बासष्टच.

“शिडीच्या खाली टेकू हाय एक,” तो म्हणाला. “तुमी नुसतं वरच बघायलाव. जरा खाली बघा की.”

मी वरच का बघत होते, हा प्रश्न त्यानं विचारला नाही. मीही उत्तर शोधत बसले नाही... पण घरी पोचल्यावरही कान गरम होते. ऊन होतंच म्हणा.

त्याचं नाव बाबूलाल. बिदरचा. कोळारच्या एका कारखान्यात चार वर्षं पाळ्या केल्या आणि होळीच्या सुमाराला नोकरी सोडून मांडवाचं सामान घेतलं. स्वतःच्या नावावरचं हे त्याचं पहिलंच काम. हे सगळं आत्याकडून कळलं. पार्वतीआत्याला कुणाचीही माहिती काढायला चहाचा एक कप पुरतो. कापड फाटलं तर काय, असंही तिनं विचारलं होतं. तो म्हणाला होता, कापड फाटलं की धंदा संपला, मी परत पाळीवर. म्हणे हसतच म्हणाला. पण आत्या म्हणाली, हसताना त्याचा हात कापडाच्या किनारीवरून फिरत होता, लेकराच्या डोक्यावरून फिरावा तसा.

माझ्याबद्दल सांगायचं तर, बी.एस्सी. होऊन अकरा महिने झाले होते. गावाबाहेरच्या सरकारी बियाणे फार्मवर हवामानाच्या नोंदी ठेवायचं हंगामी काम माझ्याकडं होतं. पर्जन्यमापक, वाऱ्याचा वेग मोजणारं चार वाट्यांचं यंत्र, आणि भिंतीवर हवेचा दाब दाखवणारी तबकडी. एप्रिलमध्ये मी एकदा गावाला सांगितलं होतं की संध्याकाळी जोराचा वारा येणार. लोकांनी कडब्याच्या गंजी बांधल्या, पत्र्यांवर दगड ठेवले. आणि संध्याकाळी शेवग्याचं पानसुद्धा हललं नाही. तेव्हापासून मी गावात ‘वाऱ्याची विशाखा’ होते. पोरंसोरं मला बघून गालफडं फुगवून फुंकर मारत.

त्या शनिवारी दुपारी फार्मवर तार आली. आमचे साहेब चन्नबसप्पा यांनी ती कन्नडमध्ये मोठ्यानं वाचली आणि माझ्यापुढं ठेवली. बंगालच्या उपसागरातलं वादळ मछलीपट्टणजवळ किनाऱ्यावर चढलं होतं. पुढं वायव्येकडं सरकणार. वारे ताशी पन्नास ते साठ किलोमीटर.

मी शाळेचा नकाशा काढला आणि दोरा लावला. किनाऱ्यापासून चिंताकी चारशे चाळीस किलोमीटर. सकाळी साडेपाचला वादळ कुठं होतं हे रेडिओवर ऐकलं होतं, साडेअकराला कुठं होतं हे तारेत होतं. सहा तासांत नव्वद किलोमीटर, म्हणजे तासाला पंधरा. चारशे चाळीसला सव्वाएकोणतीस तास धरले, तर रविवारी दुपारी पावणेपाच. फरक पडला तर तासभर इकडं नाही तर तिकडं.

लग्न पाच वाजता.

मी सायकल काढली. बाबूलाल छताची शेवटची दोन कापडं चढवत होता. मांडव पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी नुसता खुलला होता, आणि खाली सुशीलाच्या मैत्रिणी पताका चिकटवत होत्या. मी शिडीपाशी उभी राहून, हळू आवाजात, सगळं सांगितलं. मला वाटलं, हाही आता गालफडं फुगवणार.

तो खाली उतरला. हात झटकले. आणि प्रश्न विचारायला लागला. साठचा वारा म्हंजे किती? बांबू मोडतो का नुसतं कापड जातं? पावणेपाच हे कसं काढलं? दोरा कुठं लावला, सरळ लावला का रस्त्यानं? मी सगळ्याची उत्तरं दिली. इतके चांगले प्रश्न मला कॉलेजात तोंडी परीक्षेलाही कुणी विचारले नव्हते.

“आन तुमचं चुकतं किती वेळा, अक्का?”

“दोनदा सांगितलं. एकदा चुकलं.” खोटं बोलावंसं वाटलं, पण आकडा होता तो होता.

“मंग आता बरोबर यायची पाळी.”

“असं नसतं. आधीच्या चुकीचा पुढच्या वेळेशी काही संबंध नसतो.”

“बरंय की,” तो म्हणाला. “म्हंजे माणसाला दर बारीला नवा चान्स.”

मग त्यानं वर बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, आता कापड उतरवलं तर वाचतं. पण लग्नाआधी मांडव उतरवला तर पोरीच्या घरचे काय म्हणतील? उघड्यावर लगीन लावायचं का? आणि ठेवावा तर मुहूर्ताच्या ऐन टायमाला वारं... अशुभ म्हणतील, जन्मभर माझं नाव घेतील. मुहूर्तापुढं कुणाचं चालतंय?

“मुहूर्त?” मी म्हटलं. “कुठला मुहूर्त?”

तो माझ्याकडं बघत राहिला. मी त्याच्याकडं. आणि मग तो शिडीच्या खालच्या पायरीवर मटकन बसला आणि हसत सुटला.

दुसऱ्याच्या हाताखाली त्यानं लिंगायतांचे, मराठ्यांचे, कोमट्यांचे मांडव घातले होते. घटका, पळं, ब्राह्मणाची घाई, सगळं त्याला पाठ होतं. आमच्या लग्नात मुहूर्त नसतोच, दोन तसबिरींपुढं मेणबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील म्हणायचं, की कुठलीही वेळ चांगली. बाबूलाल स्वतः आमच्यातलाच. आल्या आल्या काकांना ‘जय भीम’ घातला होता. आणि तेवढंच नेमकं तो विसरला होता.

“मंग लगीनच सरकवा की अलीकडं,” तो म्हणाला. “कामून थांबायचं वाऱ्यासाठी?”

काकांपुढं आम्ही दोघं उभे राहिलो. आत्या आधी बोलली. चारशे माणसांचा स्वयंपाक काय फुंकर मारून शिजणार? वऱ्हाड हुमनाबादहून लॉरीनं यायचंय, त्यांना कोण सांगणार? आणि हिच्या वाऱ्याचं काय खरं, एप्रिलात बघितलं की. तिचं चुकत नव्हतं. माझ्याजवळ तबकडीचा पुरावा होता. रोज दुपारी दाब उतरतो आणि संध्याकाळनंतर पुन्हा चढतो. कालच्या रात्री तो चढलाच नव्हता. पण हे आत्याला कसं सांगायचं ते मला सुचेना.

बाबूलाल म्हणाला, “आत्या, ह्यांनी दोऱ्यानं मोजलंय. मी सोता दोरीवर पोट भरणारा माणूस. दोरीनं मोजलेलं खोटं धरत न्हाई.”

काकांनी पताकांकडं एक नजर टाकली. मग म्हणाले, “आपल्या बापानं मुहूर्त सोडला तवा गाव हसलं होतं, पारू. आता त्याचा उपेग तरी करून बघू. बारा वाजता लावू.”

बाबूलालची लुना होती. मी एका कागदावर वेळ, अंतर, वाऱ्याचा वेग लिहून दिला. तो औरादला गेला आणि डाकघरातून हुमनाबादच्या हमरस्त्यावरच्या ढाब्याला ट्रंक कॉल लावला. नवऱ्या मुलाचे काका तात्याराव रोज दुपारी तिथं चहा प्यायला बसत. दीड तास लाइन लागली नाही, लागली तेव्हा तात्यारावांना काही पटेना. शेवटी बाबूलालनं माझा कागद शब्दन् शब्द वाचून दाखवला. तात्यारावांनी विचारलं, हे कुणी लिहिलंय? तो म्हणाला, शास्त्रज्ञ बाईंनी. वऱ्हाड पहाटे निघायला तयार झालं.

दिवेलागणीला तो परतला. आम्ही काकांच्या गोठ्याच्या पत्र्यांवर दगड चढवत होतो. तोही लागला कामाला. मी कागद परत मागितला, फार्मच्या वहीत आकडे उतरवायचे होते.

“न्हाई देत.”

“सरकारी आकडे आहेत ते.”

“आकडे सांगतो की तोंडपाठ. चारशे चाळीस, पंधरा, पावणेपाच.” तो दगड पत्र्यावर बसवत म्हणाला. “कागद माझा.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुपारपर्यंत तो मला नऊ वेळा अक्का म्हणाला होता. औरादहून आल्यापासून एकदाही नाही.

रविवारी लॉरी साडेदहाला आली. लग्न लागलं बारा वाजून दहा मिनिटांनी. सुशीला पांढऱ्या साडीत इतकी घामाघूम झाली होती की मेणबत्ती लावताना हसू आवरेना तिला. वांग्याची भाजी थोडी कच्ची राहिली. कुणीतरी तक्रार केली तर आत्या म्हणाली, वाऱ्याला सांगा. पाचच्या हिशोबानं निघालेले काही पाहुणे जेवणाच्या तिसऱ्या पंगतीला पोचले आणि लग्न कुठंय म्हणून विचारत राहिले.

अडीच वाजता पूर्वेकडं आभाळ राखेच्या रंगाचं झालं. वारा नव्हताच. पताका सरळ खाली लोंबत होत्या. दोन-चार जणांनी माझ्याकडं बघून गालफडं फुगवली. बाबूलालनं मात्र शिडी लावली.

मी शिडी धरली. तो वर गाठी सोडत होता आणि कापडं माझ्या हातात सोडत होता. प्रत्येक कापड घडी करताना मी मोठ्यानं मोजत होते, आणि तो वरून मुद्दाम चुकीचा आकडा सांगून मला फसवत होता. एकविसाव्याला माझी बोटं त्याच्या बोटांना लागली. बाविसाव्यालाही. तेविसाव्याला काहीच कारण नव्हतं...

“पडाल,” मी म्हटलं.

“धरलंय की तुमी.”

“शिडी धरलीय.”

“मी काय येगळं म्हणलो?”

चव्वेचाळिसावं कापड तीन पंचवीसला उतरलं. सगळी घड्या घालून काकांच्या दगडी खोलीत गेली. वऱ्हाड शाळेत. गुरं सोडून आत बांधली. बांबू खाली काढायला वेळ उरला नाही, ते तसेच उभे राहिले. मी सायकलवरून फार्मवर गेले. वेळेवर नोंद घेणं हे माझं काम होतं.

वारा आला चार वाजून अठरा मिनिटांनी. आधी आवाज आला, लांब कुठंतरी लॉरी चढावर यावी तसा. मग ज्वारीच्या रानातली माती उठली आणि नोंदींच्या खोलीचं दार मला एकटीला लावता येईना. बाहेरून कुणीतरी खांदा लावला, आत आलं, आणि पाठीनं दार दाबून उभं राहिलं. बाबूलाल. डोक्यापासून पायापर्यंत लाल माती. मी काचेतून यंत्र बघत होते आणि दर तीन मिनिटांनी आकडा ओरडत होते, तो दाराला टेकून वहीत लिहीत होता. अठ्ठेचाळीस. त्रेपन्न. एकसष्ट. आकडा साठच्याही वर गेला म्हणून एकसष्टला त्यानं विचारलं, दोनदा लिहू? मी म्हटलं, एकदाच. मग पाऊस आला आणि काही ऐकूच येईना. पण आम्हाला बोलायचंही नव्हतं. साडेसहाला वारा ओसरला तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन तास मी एकदाही घाबरले नाही.

गावात सात पत्रे उडाले, एक चिंच आडवी झाली. माणसाला, जनावराला कुठं काही झालं नाही. मांडवाच्या उभ्या बांबूंपैकी नऊ मोडले. दगडी खोलीतलं एकही कापड भिजलं नव्हतं. बाबूलालनं ती खोली उघडली, घड्यांवर हात ठेवला आणि चव्वेचाळीसपर्यंत मोजल्या. माणिककाका मला म्हणाले, पोरी, आता गालफडं फुगवणाऱ्याला मी बघतो. आत्या म्हणाली, वांगी तेवढी नीट शिजू द्यायची होतीस.

सोमवारी सकाळी साडेआठला मी पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतत होते. बाबूलालची लुना फार्मच्या कुंपणाबाहेर थांबली. बांबू बांधून झाले होते, सामान लॉरीत चढलं होतं. निरोप घ्यायला आलो, असं तो म्हणाला. मग कुंपणाच्या आत आला.

“किती भरला?”

“बावन्न पूर्णांक चार मिलिमीटर.”

त्यानं मान डोलावली. कुंपणाच्या तारेवरून एक थेंब बोटानं टिपला. पुढचं काम कुठं, मी विचारलं. चिटगुप्प्याला, येत्या गुरुवारी, तो म्हणाला. आणि मग...

“मंग चिंताकीत एक मांडव घालावा म्हणायलोय. काकांच्या दारात न्हाई, दोन घरं सोडून. तुमच्या दारात.”

माझ्या दारात लग्नाचं असं मी एकटीच होते.

“कुणाच्या लग्नाचा?” तरी मी विचारलं.

“तुमच्या. नवरदेव मी. घरच्यांना सांगायच्या आधी तुमाला इचारायलोय, इशाखा. तुमी न्हाई म्हणलाव तर मांडव घालत न्हाई, कापड घेऊन गप जातो.”

तो हसत नव्हता. जराही.

“तुम्ही सगळंच मस्करीत बोलता,” मी म्हटलं. “मला कसं कळायचं, खरं आहे का?”

“तुमी शिकलेल्या. इस्वास ठेवू नका.” त्यानं उजवा हात पुढं केला, तळवा वर. “मोजून बघा.”

मी नळी खाली ठेवली. त्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवली, शीर सापडली, आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाचा सेकंद काटा बारावर यायची वाट बघितली. एक मिनिट आम्ही दोघं हललो नाही. मग त्याचा हात न सोडता मी त्याच्या दुसऱ्या हाताची तीन बोटं माझ्या मनगटावर ठेवायला सांगितली त्याला, आणि आणखी एक मिनिट घड्याळ बघितलं. तो मोजताना ओठ हलवत होता.

वहीतल्या त्या दिवसाच्या पानावर, पावसाच्या खाली, मी दोन्ही आकडे लिहिले.

बाबूलाल, मिनिटाला एकशे अठरा. विशाखा, मिनिटाला एकशे सव्वीस.