चिमट्यावरच्या मुंग्या

रॉकेटचा चिमटा भलत्याच जागी सापडला आणि तिथूनच कोडं सुरू झालं.

तो पडायला हवा होता उड्डाणरुळाच्या (रॉकेटला पहिले काही क्षण सरळ धरून ठेवणाऱ्या उभ्या, खाचदार खांबाच्या) पायथ्याशी. सापडला पार पलीकडे, सड्याच्या कडेला, काजूच्या झाडांखाली. सडा म्हणजे कोकणातलं सपाट कातळाचं माळरान. खाली समुद्र, वर मोकळं आभाळ. हौशी रॉकेटवाल्यांनी इथे आपला छोटासा उड्डाणतळ बांधला होता.

“वस्तू सापडली,” वेचू म्हणाला. खेकड्यासारखा दिसणारा हा यंत्रमानव रॉकेटचे पडलेले भाग शोधून आणायचा. “मला खूप चालावं लागलं. तक्रार नाही. नुसती नोंद.”

जुईने चिमटा हातात घेतला. सातवीतल्या या मुलीने आजीच्या मदतीने तो स्वतः बनवला होता. आजच त्याची पहिली चाचणी होती आणि रॉकेट सरळ वर जाण्याऐवजी समुद्राकडे कलंडत गेलं होतं. हवाईछत्री उघडली आणि ते सुखरूप उतरलं, एवढंच नशीब.

“नारळ तर मस्त फुटला होता,” उड्डाणतळाचे प्रमुख अन्वरकाका हळहळले.

“नारळ फुटला म्हणून स्प्रिंगा उघडत नाहीत, अन्वर,” आजी म्हणाली. माईआजी जुईच्या आईची आई. तिची सारी नोकरी रॉकेटच्या कारखान्यात स्प्रिंगा आणि बिजागऱ्या तपासण्यात गेली होती.

अन्वरकाकांनी जुईच्या खांद्यावर हात ठेवला. “बेटा, उद्या आपण चिमट्याऐवजी जुनी पक्की बटणंच लावू. खाली मच्छीमारांच्या होड्या असतात. रॉकेट तिरकं गेलेलं मला चालणार नाही.”

“पण काका, बटणं लावली तर रॉकेट ढगांच्या वर पोचणारच नाही! आणि हवामानाची डबी तर ढगांच्या वरचं मोजायलाच पाठवायचीय ना?”

“मग तुझा चिमटा का फसला ते मला दाखव. उद्या सकाळपर्यंत. नुसतं सांगू नकोस, दाखव.”

घरी येऊन जुई ओटीवर गाल फुगवून बसली. चिमटा समोर टेबलावर होता. वेचू कोपऱ्यात बसून आपले पाय पुसत होता.

“एक शंका आहे,” तो म्हणाला. “मला चिमटा उचलता येतो. पण तो असतो कशासाठी?”

“घ्या! इतके दिवस हमाली केलीस आणि हे माहीत नाही?” जुई करवादली.

“सांग की त्याला,” आजी हसून म्हणाली. “दुसऱ्याला सांगताना आपली गाठ आपल्यालाच दिसते.”

जुईने सुस्कारा सोडला. “बरं, ऐक. रॉकेटच्या शेपटीला पंख असतात. ते त्याला सरळ ठेवतात. पण सुरुवातीला रॉकेट हळू असतं, तेव्हा पंखांचा काही उपयोग होत नाही.”

“का?”

जुईने आजीकडे पाहिलं. आजीने हळूच विचारलं, “उभ्या होडीचं सुकाणू फिरवलं, तर होडी वळते?”

“नाही! पाणी जोरात मागे जात असेल तरच सुकाणू काम करतं. पंखांचंही तसंच. हवा जोरात मागे जायला हवी. म्हणून वेग येईपर्यंत रॉकेट रुळावरून चढवायचं. रुळाच्या खाचेत अडकायला रॉकेटच्या अंगावर बटणं लावतात.”

“मग बटणं आहेत की. चिमटा कशाला?”

“रूळ संपला की बटणांचं काम संपतं, पण ती अंगावरच राहतात. धावत्या गाडीतून हात बाहेर काढला की वारा हात मागे ढकलतो, तशी हवा त्यांना अडवते. याला म्हणतात कर्षण (हवेची मागे खेचणारी ओढ). रॉकेट जितकं वेगात, तितकी ही ओढ जास्त. म्हणून चिमटा. तो रॉकेटला रुळापाशी धरतो आणि रूळ संपला की सुटून पडतो.”

“त्याला कसं कळतं, रूळ संपला ते? त्याला डोळे नाहीत.”

आता जुई खुलली. तिने चिमटा उचलला. “हे बघ, या दोन बाह्या. दोन्ही मिळून रॉकेटला कवेत घेतात. मागे बिजागरी, तिच्यात स्प्रिंग. स्प्रिंग सारखी म्हणते, उघडा, उघडा! पण बाह्यांचे हे पाय रुळाच्या खाचेत बसलेले असतात. खाच अरुंद. पायांना फाकायला जागाच नाही. खाच संपली की पाय मोकळे आणि बाह्या फटकन उघडतात. म्हणजे कुलूप चिमट्यात नाहीच. रूळच कुलूप आहे!”

“सुंदर,” वेचू म्हणाला. “मग आज कुलूप उघडूनही दार का उघडलं नाही?”

जुईने चिमटा डोळ्यांजवळ नेला. तिने बाह्या मिटून सोडल्या. फटकन उघडल्या. पुन्हा मिटल्या, पुन्हा उघडल्या. स्प्रिंग ठणठणीत होती.

“झोप आता,” आजी म्हणाली. “कोडं कुठे पळून जात नाही.”

सकाळी वेचूच्या आवाजाने जुई जागी झाली.

“जुईताई, चिमट्यावर मुंग्या आहेत. माझ्या यादीत मुंगी हा रॉकेटचा भाग नाही.”

जुई धावत आली. खिडकीतून मुंग्यांची रांग टेबलावर आली होती. सगळ्या मुंग्या चिमट्याच्या उजव्या बाहीच्या आतल्या अंगाला गोळा झाल्या होत्या. डाव्या बाहीवर एकही नव्हती.

“आजी, मुंग्यांना गोड लागतं. पण चिमट्यावर गोड कुठून...” जुई बोलता बोलता थांबली. तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

नारळ फोडल्यावर सगळ्यांना गूळ-खोबरं मिळालं होतं. ते तोंडात टाकून, त्याच बोटांनी तिने चिमट्याची उजवी बाही आतून शेवटची पुसली होती. चिमटा नीट बसावा म्हणून. मग रॉकेट बराच वेळ उन्हात उभं होतं.

“माझ्यामुळेच झालं,” ती हळू आवाजात म्हणाली. “काकांना काय सांगू?”

“काका काय म्हणाले होते?” आजीने विचारलं.

“दाखव म्हणाले होते.”

“मग गूळ घे.”

उड्डाणतळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये रुळाचा एक लहान तुकडा होता. जुईने चिमटा धुऊन कोरडा केला, मग उजव्या बाहीला आतून गुळाची बोटं लावली. रॉकेटच्या जुन्या नळीभोवती तो बसवून सगळं उन्हात ठेवलं. गूळ वाळल्यावर ती म्हणाली, “काका, आता तुम्हीच नळी वर ओढा.”

अन्वरकाकांनी नळी ओढली. रूळ संपला. डावी बाही उघडली, उजवी मात्र नळीला चिकटून राहिली. चिमटा एका बाहीवर लोंबकळला.

“होडीत एकाच बाजूचं वल्हं पाण्यात धरलं तर?” जुईने विचारलं.

“होडी त्याच अंगाला वळते,” काका म्हणाले. त्यांचे डोळे बारीक झाले. “म्हणजे ही उघडी बाही हवेतलं वल्हं झाली! आणि शेवटी वाऱ्याने चिमटा उपटला, म्हणून तो तिकडे लांब पडला.”

“हो. आणि गूळ मीच लावला होता, काका. चुकून.”

काकांनी चिमटा कोमट पाण्याने धुतला, पुसला आणि पुन्हा ओढून पाहिला. दोन्ही बाह्या एकदम उघडल्या. त्यांनी पुन्हा पुन्हा ओढलं. दर वेळी तसंच.

“चूक लपवली असतीस तर मी बटणंच लावली असती,” ते म्हणाले. “लाव तुझा चिमटा. आणि हो, आधी हात धू!”

दुपारी वारा पडला. खालच्या होड्या लांब गेल्याची खात्री झाली. वेचूने उलटे आकडे मोजले. रॉकेट गरजलं आणि रुळावरून वर निघालं. टोकाशी दोन्ही बाह्या एकदम फाकल्या आणि चिमटा टप्पकन खाली आला. रॉकेट मात्र सरळ, अगदी सरळ, ढगात शिरलं. थोड्याच वेळात अन्वरकाकांच्या पडद्यावर डबीचे आकडे उमटले.

“ढगांच्या वर आहे!” ते ओरडले. “वर लख्ख ऊन आहे!”

वेचू चार पावलं चालून चिमटा घेऊन आला. “आज चालावं लागलं नाही. नोंद केली आहे.”

आता कुठे काकांनी गूळ-खोबऱ्याचा डबा उघडला. वेचूने आपल्या चिमुकल्या नांगीत गुळाचा एक खडा मागून घेतला आणि शेडच्या कडेला, मुंग्यांच्या वारुळापाशी नेऊन ठेवला.

जुई खोबरं चावता चावता आभाळाकडे बघत होती. “आजी, चंद्रावर हवाच नाही. मग तिथे पंख कसे चालतील? रॉकेटला सरळ कोण ठेवेल?”

आजीने डबा बंद केला. “चल, हात धुऊन ये,” ती म्हणाली, “मग विचार करू.”