बाहेरून कडी

हसू नका पोरांनो, ही ऐकीव गोष्ट नाही. सिद्धेश माझ्याच हाताखाली वेल्डिंगला होता, चाकणला. कॅन्टीनमध्ये चहा पार गार होईस्तोवर त्यानं मला हे सांगितलं. पटलं तर घ्या.

तो मोशीत एका नव्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहायचा. शेजारी सार्थक, त्याची बायको सुप्रिया आणि आई सारजाबाई. म्हातारीला हल्ली आठवायचं नाही. एकदा तर घर शोधत आळंदी रस्त्याला लागली होती. मग नवराबायकोनं उलटसुलट पाळ्या घेतल्या, आणि मधल्या दोन तासांसाठी दाराला बाहेरून कडी बसवली. माणसं वाईट नव्हती रे. पण सोय अंगवळणी पडली की दोनाचे चार तास कधी होतात, कळत नाही. म्हातारी आतून दार वाजवायची. आधी आधी शेजारी धावले. पुढे सिद्धेशच बायकोला, भाग्यश्रीला, म्हणायला लागला, तिचं रोजचंच आहे, टीव्हीचा आवाज वाढव.

गेल्या नोव्हेंबरातला मंगळवार. रात्री पावणेदहाला सार्थकचा कंपनीतून फोन आला. घरात अबोला चाललेला. सुप्रिया रविवारी न सांगता माहेरी गेली, नवरा घरी येईलच असं धरून. इकडे कंपनीत मशीन बंद पडलेलं, सार्थक दोन दिवस तिथंच मुक्कामाला, बायको घरी आहे असं धरून. आत्ता कुठे उलगडा झाला होता.

"भावा, आईला जरा दूध-भाकरी दे. मी निघालोच."

सोमवारी सिद्धेश सुट्टीला घरीच होता, दिवसभर ते दार वाजलेलं त्यानं ऐकलं होतं. आज वाजलं नव्हतं.

भाग्यश्री लेकीला घेऊन गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली होती. तो तसाच ताट घेऊन निघाला. फोन घरीच राहिला. कडी काढून आत गेला. दिवा लागेना. खिडकीतून येणाऱ्या अंधुक उजेडात कॉटवर म्हातारी बसलेली दिसली.

"आलास व्हय," ती म्हणाली. "लई वाजवलं मी काल."

झोपलो होतो, रात्रपाळी होती, असं काहीसं तो पुटपुटला. खोटं होतं ते.

"बस जरा. एकटीला नगं वाटतं."

ताट ठेवून तो मागे फिरला. दार लागलेलं. ओढलं... पुन्हा ओढलं. बाहेरून कडी.

त्यानं दार वाजवलं. मग बडवलं. हाक मारायला गेला तर घशातून आवाजच फुटेना. तेवढ्यात भिंतीपलीकडून भाग्यश्री बोलली, लेकीशी. शब्द न् शब्द ऐकू आला.

"म्हातारीचं सुरू झालं परत. टीव्ही मोठा कर."

टीव्ही मोठा झाला.

तो वळला. कॉट रिकामी...

अंधारात चाचपडत तो स्वयंपाकघराशी गेला. पायाला काहीतरी लागलं. हात होता. गार. माठाच्या अलीकडे, वीतभर.

तो मटकन खाली बसला. शेजारी आणखी कुणीतरी बसलं...

साडेअकराला सार्थक आला. डॉक्टर म्हणाले, जाऊन दिवस उलटला. सार्थक धाय मोकलून रडला, आणि सिद्धेश त्याच्याकडे बघूही शकला नाही.

पण दार उघडायला सार्थकला बराच वेळ लागला होता. कडी नुसती घातलेली नव्हती. हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी गुंडाळून तिला घट्ट तीन गाठी मारल्या होत्या, बाहेरून. आणि आत सारजाबाईच्या पदराचा तेवढाच काठ फाटलेला होता.