धुळ्याला एक जागा, अडुसष्ट चारशे

पुण्याच्या स्थानविनिमय केंद्रात डॉ. उर्मिला ताम्हनकर भिंतीवरचा आलेख समजावून सांगत होत्या आणि वजनमापन अभियंता नचिकेत परचुरे त्यांच्या टेबलावरच्या पेढ्यांकडे बघत होता. पेढे त्यानेच आणले होते. दहा दिवसांनी, रविवारी सकाळी अकराला, त्याचा मृदुलाशी साखरपुडा होता.

"नाशिकला गेलेला पाहुणा सरासरी दोन दिवस उशिरा परततो," बाई म्हणाल्या. "अकोल्याचा तीन. धुळ्याचा नऊ. आणि एकाचीही तक्रार नाही. मला काळजी त्या तक्रार नसण्याची आहे. तू जाऊन बघून ये. जाण्याआधी नियम म्हणून दाखव."

"बाई, यंत्र मीच जुळवलंय."

"म्हणूनच."

नचिकेतने हात मागे बांधले. "एखादी वस्तू इथून उचलून क्षणात तिथे ठेवणं निसर्गाला मंजूर नाही. पण सारख्या वस्तुमानाच्या दोन वस्तूंनी एकाच क्षणी जागा बदलल्या, तर एकूण फरक शून्य होतो आणि निसर्ग काणाडोळा करतो."

"किती सारख्या?"

"पन्नास ग्रॅमच्या आत."

"सामान?"

"कातडीच्या आतलं जातं. बाहेरचं जागेवर राहतं."

"आणि कपडे?"

"कपडे कातडीच्या बाहेर असतात, बाई."

म्हणजे पुण्याचा माणूस धुळ्यात उमटायचा तो धुळ्याच्या माणसाने घातलेल्या कपड्यांत. वजनं सारखी असल्यामुळे माप बहुधा जमायचं. आवडीबद्दल यंत्र काही हमी देत नसे.

या शोधानंतर चार वर्षांत एसटी ओस पडली. रिकाम्या महामार्गावर सरकारने सौरपट्टे अंथरले आणि त्यांच्याच विजेवर विनिमय चालू लागला. आता दुसऱ्या वाटेने जायचं म्हटलं तर वाटच नव्हती.

त्याच दिवशी, गुरुवारी दहा वाजता, नचिकेत यंत्राच्या चकतीवर उभा राहिला. काट्यावर ६८.४०० आलं. पुढच्या क्षणी तो धुळ्यात होता, अंगात कुठल्याशा व्यायामशाळेचा पिवळा बनियन घालून.

"या साहेब," चालक गोकुळ देवरे म्हणाला. पूर्वी तो काळी-पिवळीच्या दारात लटकून प्रवासी गोळा करायचा. शासनाने त्याला या जागी नेमलं, पण त्याचा आवाज नेमणुकीत बसला नव्हता. "परत कधी?"

"उद्या."

"कोणता उद्या?" गोकुळने फळ्यावर ६८.४०० लिहिलं. "तुम्ही जायला तिकडून तेवढ्याच वजनाचा कोणी यायला पाहिजे ना भो."

"पुण्यात या वजनाची हजार माणसं असतील."

"असतील. धुळ्याला येणारा एक दाखवा. तुमच्या बदल्यात गेला तो नोकरीला गेला, आता दिवाळीलाच येतो." गोकुळने कानावरची पेन्सिल काढली. "धुळ्याला फक्त धुळ्याची पोरं येतात. आईला भेटायला. तुम्ही असं करा, प्रमिलाकाकूंकडे उतरा. बोरसे काकू. जेवायला चांगलं असतं."

जेवायला चांगलं होतं. पहिल्या दुपारी शेवभाजी, रात्री वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, सकाळी न्याहारीच्या नावाखाली पुन्हा तेच सगळं आणि वर शिरा. नचिकेतने ताटावर आडवा हात धरला की काकू मनगटावर वाढत. प्रत्येक जेवणानंतर त्या त्याला ओसरीवरच्या धान्याच्या काट्यावर उभं करत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये आकडा लिहीत. नचिकेतला वाटलं, इथली पद्धत असेल.

तो शहर बघायला निघाला की काकू रिक्षा बोलवत. चालायचं नाही, ही एकच अट. पाचकंदीलच्या बाजारात त्याने पाहिलं, की रस्त्यात आणखी सहा रिक्षा आहेत, प्रत्येकीत एक सुखावलेला परगावचा माणूस आहे आणि त्याच्या शेजारी डबा धरून एक बाई बसली आहे.

तिसऱ्या दिवशी कॅलेंडरच्या खाली, तारखा संपतात तिथे, त्याला लाल शाईत ७४.२०० दिसलं.

"काकू, हे काय?"

काकूंनी पोळी लाटणं थांबवलं नाही. "हर्षल. माझा मुलगा. पुण्याला नोकरीला आहे. चौदा महिने झाले, आला नाही."

"का?"

"त्याच्या वजनाचं इथून कोणी जाईल तर येईल ना तो. जाणारी पोरं सगळी सत्तरच्या आतली. माझा अंगापिंडाने मोठा." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "तुला फसवायचं नव्हतं बेटा. पण तुलाही जायचंय आणि त्यालाही यायचंय. मग जेवायला काय हरकत आहे?"

नचिकेतने विचार केला. शास्त्रीयदृष्ट्या काकूंच्या बोलण्यात चूक नव्हती. त्याने स्वतः आलेख काढला, दिवसाला सरासरी किती चढायला हवं ते ठरवलं आणि ताट पुढे केलं. पुढचे सहा दिवस तो साखरपुड्यासाठी जेवला.

शनिवारी सकाळी काटा ७४.२०० वर थांबला. काकूंनी काट्याला नमस्कार केला. दोघं केंद्रावर गेले. गोकुळने पुण्याला फोन लावला, हर्षलला चकतीवर उभं करायला सांगितलं, आणि बराच वेळ नुसता ऐकत राहिला.

"काय झालं?" काकू म्हणाल्या.

"काकू, हर्षलने नऊ दिवस उपास केला. रोज दोनदा पर्वती चढला. आपल्याकडे अडुसष्ट चारशेचा पाहुणा उतरलाय, हे त्याला पुण्याच्या केंद्रातल्या फळ्यावरून कळलं होतं. तुम्हाला चकित करायचं होतं म्हणे." गोकुळने फोन छातीशी धरला. "तो आता अडुसष्ट चारशे आहे."

काकू खाली बसल्या. "माझं पोर उपाशी होतं," एवढंच त्या म्हणाल्या, "आणि मी ह्याला वाढत होते."

नचिकेतला स्वतःची लाज वाटली. वजनमापन अभियंता असून समोरच्या माणसाचं आजचं वजन विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. त्याने कागद ओढला. फरक पाच किलो आठशे. मध्य एकाहत्तर तीनशे. उद्या अकराच्या आत हर्षलने दोन किलो नऊशे चढायचं, आपण तेवढंच उतरायचं.

त्याने मृदुलाला फोन केला. ती सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे उद्याच्या जेवणाला आज एक माणूस बसवायचाय. पाठवून दे आमच्याकडे."

धुळं नचिकेतने खरं पाहिलं ते त्या शनिवारी, पायी. आग्रा रोडने गेला, पांझरेच्या काठाने परतला आणि पुन्हा गेला. दर दहा घरांमागे एक बाई "या, चहा तरी घ्या" म्हणत बाहेर येई. गोकुळ पुढे पळत ओरडत होता, "उपास आहे, उपास! पुणे, पुणे, एकाहत्तर तीनशे!"

रविवारी पावणेअकराला दोन्हीकडचे काटे ७१.३०० वर आले. काकूंनी नचिकेतला इस्त्री केलेला निळा शर्ट घालायला दिला होता. मग, माणूस प्रवासाला निघाला म्हणून, त्यांनी त्याच्या तळहातावर दही ठेवलं. धुळ्याच्या हाताने. आणि नचिकेतने, माणूस प्रवासाला निघाल्यावर करतो तसं, ते खाल्लं.

"ऐंशी ग्रॅम," गोकुळ काट्याकडे बघत म्हणाला. "जाऊ शकत नाही."

काकूंचा चेहरा उतरला. तेवढ्यात पुण्याहून फोन आला, की तिकडचा काटासुद्धा हलला आहे. मृदुलाच्या आईने हर्षलच्या हातावर दही घातलं होतं.

"किती?" नचिकेतने विचारलं.

"बारा ग्रॅम."

अडुसष्टचा फरक होता आणि चालत होता पन्नासचा. नचिकेतने फोन हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तो होणाऱ्या सासूबाईंशी स्वतःहून बोलला. "आई, त्याला अजून दोन चमचे वाढता का?"

"दोन?" सासूबाई म्हणाल्या. मग चमच्याचा आवाज आला, एकदा आणि बऱ्याच वेळाने दुसऱ्यांदा.

"छत्तीस," गोकुळने पुण्याचा आकडा वाचला. "फरक चव्वेचाळीस. बसला! उभे राहा साहेब."

दहा एकावन्नला नचिकेत चकतीवर चढला. तिकडे मंडळी केंद्रावरच जमलीत आणि मृदुलाने हर्षलला साखरपुड्याचा रेशमी कुर्ता चढवून उभं केलंय, हे त्याला माहीत होतं. त्याला नुसतं उमटायचं होतं. काकूंना दोन शब्द बोलावेत म्हणून त्याने तोंड उघडलं, पण त्या जवळ आल्या, निळ्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि वरची गुंडी लावली. शर्ट खांद्यात थोडा जुना होता. खिशावर धुळ्याच्या कॉलेजचं नाव विणलेलं होतं.

काकू त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या शर्टाकडे बघत होत्या.

"बारीक झाला असशील," त्या म्हणाल्या, आणि गोकुळने खटका दाबला.