तिसऱ्या पॉइंटवरचा अमोल

मी सिव्हिल घेतलं म्हटल्यावर मावशीने पहिला प्रश्न विचारला होता, उन्हात उभं राहायला जमेल का तुला? जमतं. आमच्या कॉलेजच्या मागच्या मैदानात ऊन सोडून दुसरं काही नाहीच.

कॉलेज राई गावाच्या पुढे, खाडीच्या अंगाला आहे. मागचं मैदान म्हणजे जुनं मिठागर. डेब्रिज टाकून ते भरलं, वर मुरूम पसरला आणि आता तिथे आम्ही सर्व्हेचं प्रॅक्टिकल करतो. कडेला मोडकी कंपाउंड वॉल, तिच्यापलीकडे तिवरं. ओहोटीला चिखलाचा वास येतो. पहिल्या वर्षाची मुलं नाकाला रुमाल लावतात, दुसऱ्या वर्षी तो कुणाला जाणवतही नाही.

काम तसं सोपं असतं. एकाने आकडे छापलेली उंच पट्टी धरून उभं राहायचं, तिला स्टाफ म्हणतात. दुसऱ्याने तिपाईवरच्या लेव्हलमधून, म्हणजे एका दुर्बिणीतून, त्या पट्टीवरचा आकडा वाचायचा. तिसऱ्याने लिहायचा. गेटच्या पायरीपासून निघून मैदानाला वळसा घालायचा आणि पुन्हा त्याच पायरीवर यायचं. पायरी काही जागची हलत नाही, त्यामुळे सगळे चढउतार मिळवून हिशेब शून्यावर यायला हवा. येत कुणाचाच नाही, पण केसभर इकडेतिकडे मॅडम चालवून घेतात.

आमच्या ग्रुपमध्ये मी वाचायचे, मिनल लिहायची आणि अमोल स्टाफ धरायचा. अमोल गुहागरकडचा, काशीगावात मामाकडे राहणारा. शिमग्याला पालखीपुढे निशाण धरायचा मान त्याच्या घराकडे, त्यामुळे उंच काठी सरळ धरून तासनतास उभं राहणं त्याच्या हाडात मुरलेलं. बाकीच्या ग्रुपमधली मुलं स्टाफला टेकून रील बघायची. आमचा अमोल डोळ्याची पापणी लवली तरच हलला म्हणायचा.

आधीचं एक वर्ष त्याचं टायफॉइडमध्ये गेलं होतं. या वेळी सर्व्हेच्या टर्मवर्कवर सही मिळाली नाही तर पुन्हा वर्ष जाणार होतं, आणि मामाने स्वच्छ सांगितलं होतं, मग शिक्षण बस झालं, वसईला एखाद्या कंपनीत चिकटवतो. हिशेब जुळला नाही तर माझे आणि मिनलचे दोन-चार मार्क जाणार होते. अमोलचं कॉलेजच जाणार होतं.

यंत्रं घ्यायला आम्ही उशिरा पोचलो, म्हणून आमच्या वाट्याला जुनी डंपी लेव्हल आली. नव्या यंत्रांत चित्र सरळ दिसतं. या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं. वर जमीन, खाली आभाळ, आणि मधल्या, जमिनीच्या रेघेवरून आमचा अमोल वटवाघळासारखा लोंबतोय. पहिल्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. मग डोळ्याला सवय झाली.

तिसरा पॉइंट कंपाउंड वॉलजवळ होता. तिथे पहिल्यांदा मला वाटलं की अमोलच्या पायाशी पाणी साचलंय, कारण त्याचं प्रतिबिंब दिसत होतं. अमोल रेघेच्या खाली लोंबत होता आणि रेघेच्या वर, जमिनीच्या आत, एक आकृती सरळ उभी होती. तळव्याला तळवा लावून. मी डोळा काढून बघितलं. कोरडा मुरूम, त्याच्या बुटांवर धूळ. पुन्हा डोळा लावला. आकृती होतीच.

मृगजळ, मी स्वतःला समजावलं. तापलेल्या जमिनीवर असं काहीबाही दिसतं, आणि बारावीला फिजिक्समध्ये मला बरे मार्क होते. एकच गोष्ट खटकली. अमोलच्या हातात स्टाफ होता. त्या आकृतीचे हात मोकळे होते.

त्या दिवशी आमचा हिशेब चार बोटं चुकला. आमच्या सर्व्हेच्या शुभदा मॅडम यंत्राकडे बघून म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं, आणि पुन्हा करायला लावलं. पुन्हा केलं तेव्हा वीतभर चुकला.

चूक कुठे होतेय ते मी शोधून काढलं. तिसऱ्या पॉइंटवरचा आकडा वाचला की लेव्हल उचलून पुढे न्यायची, तिपाई मांडायची, आणि तोच स्टाफ तिथेच उभा असताना दुसऱ्या बाजूने परत वाचायचा. तेवढा वेळ स्टाफवाल्याने जागचं हलायचं नाही. लेव्हलवाल्याने हात वर केला की मगच निघायचं. अमोल हलत नव्हताच. तरी आकड्यांवरून असं निघत होतं की मधल्या वेळात तो खाली गेलाय. मी तिथे जाऊन मुरमावर टाच आपटून बघितली. दगड.

मिनल म्हणाली, खोटे आकडे टाकून मोकळं होऊ या, सगळेच टाकतात. खरं होतं ते. पण आमचा गोंधळ दोनदा बघून मॅडमनी जाहीर केलं होतं की शुक्रवारी त्या स्वतः समोर उभ्या राहणार. खुंट्याही त्यांनीच ठोकलेल्या, त्यामुळे पॉइंट बदलायची सोय नव्हती.

गुरुवारी आम्ही सराव करत होतो. राईतल्या सरूबाई चिंबोऱ्यांची टोपली घेऊन मैदानातून नेहमी घरी जायच्या, त्या माझ्याजवळ येऊन थांबल्या.

"तो पोऱ्या कोनाशी बोलतंय?"

मी बघितलं. लांबवर अमोलचे ओठ हलत होते. फोनवर असेल, मी म्हणाले.

"फोन कुठं हाय त्याच्या हातान?"

त्या मैदानातून गेल्या नाहीत. मागे फिरून रस्त्याने गेल्या.

कॅन्टीनमध्ये मी त्याला विचारलं तेव्हा तो लाजला. 

"तिथे उभं राहिलं ना, की पाय दुखतच नाहीत," तो म्हणाला. "खालून कुणीतरी तोलून धरल्यासारखं वाटतं. मग विचारतं, थकलास का."

"तू काय सांगतोस?"

"मी म्हणतो, नाही. पण आता खरंच थकलोय गं."

मग मी दुर्बिणीतलं सगळं सांगितलं. मला भीती वाटत होती आणि तेही सांगितलं. म्हटलं, उद्या स्टाफ मी धरते, नाहीतर मॅडमना सांगू या. अमोलने नकारार्थी मान हलवली. मॅडमना काय सांगणार, जमिनीत माणूस आहे? आणि स्टाफ तू धरलास, तर त्या डंपीतले उलटे आकडे वाचणार कोण, मला आणि मिनलला ते जमतात कुठे?

"तू फक्त आकडा वाच, संचिता. माझं वर्ष जाईल."



शुक्रवारी सकाळी मॅडम छत्री घेऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. पहिला पॉइंट नीट झाला. दुसराही.

तिसऱ्यावर आकृती अमोलच्या आधीच उभी होती.

मी आकडा वाचला. मिनलने लिहिला. लेव्हल उचलून आम्ही पलीकडे गेलो, तिपाई मांडली, यंत्रातला पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर आणला. तो स्थिर व्हायला वेळ लागला.

डोळा लावला.

वाऱ्याने मुरमाची धूळ उठली. क्षणभर नुसता तांबूस पडदा दिसत होता.

धूळ बसली.

आता दोघांच्याही हातात स्टाफ होता.

रेघेखाली लोंबणारा अमोल ऐटीत उभा होता, एका पायावर भार टाकून. वरचा, जमिनीतला, ताठ. त्याचा स्टाफ ओळंब्याच्या दोरीसारखा सरळ होता. शर्ट घामाने छातीला चिकटला होता, आणि तो माझ्याकडे बघत होता. आकडा घेतलास का, असं विचारताना अमोल बघायचा, तसं.

"वाच ना गं," मॅडम म्हणाल्या.

मी वाचला.

खालच्याने स्टाफ खांद्यावर टाकला आणि तो निघाला.

मी हात वर केला नव्हता.

हिशेब शून्यावर आला. केसाचाही फरक नाही. मॅडमनी दोनदा तपासला, इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे तिघांच्या टर्मवर्कवर सह्या केल्या. अमोलचं वर्ष वाचलं. मामाने कॉलेजपर्यंत पेढे पाठवले. मिनलने चार खाल्ले, मला एक गिळवेना.

अमोल ठणठणीत आहे. वर्गात माझ्या मागच्या बाकावर बसतो, नोट्स मागतो, मिनलला हसवतो. भिंत दिसली की टेकतो, आणि टेकून रील बघतो. मिनल म्हणते, टेन्शन गेलं म्हणून सुटलाय जरा. मी त्याच्या मामींना सहज म्हणून फोन केला होता. आता जेवतो तरी पोटभर, त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मी पुढे काही विचारलं नाही.

सराव करायचाय असं सांगून मी ती जुनी लेव्हल अधूनमधून बाहेर काढते. तिसऱ्या पॉइंटकडे वळवते. साध्या डोळ्यांना तिथे खुंटी आणि मुरूम दिसतो. दुर्बिणीत रेघेच्या वर अमोल असतो. स्टाफ सरळ धरलेला, चेहरा माझ्याकडे. ऊन असो, ढग असो, तो हललेला नसतो.

मी हात वर केला की तो निघेल, एवढं मला माहीत आहे. आमच्या बाजूला पुढचा पॉइंट कुठे आहे तेही माहीत आहे. त्याच्या बाजूला कुठे आहे, ते माहीत नाही. दर वेळी ठरवते आणि दर वेळी घाबरते.

आज मात्र मला ते बघवलं नाही. पाय दुखत असतील त्याचे. मी डोळा न काढता हात उचलायला लागले.

मागून कुणीतरी माझं मनगट धरलं आणि अलगद खाली आणलं. अमोल कधी येऊन उभा राहिला होता, मला कळलंही नव्हतं. त्याने दुर्बिणीत वाकून बघितलं नाही. कुठे बघायचं ते त्याला ठाऊक होतं.

"राहू दे गं," तो म्हणाला. "त्याला सवय आहे उभं राहायची."