सुईत दोरा ओवताना

"श्वास घ्या... धरून ठेवा..."

दारापलीकडून आवाज आला आणि मीही श्वास धरला. खरं तर ती सूचना माझ्यासाठी नव्हती. आत, जाड दारामागे, माझी आत्या यंत्राखाली आडवी होती. मी बाहेर बाकावर, मांडीवर तिची शाल आणि चष्मा घेऊन. पण तो आवाजच असा होता... घाई नसलेला, किंचित खर्जातला, दोन शब्दांमध्ये जागा ठेवणारा.

"सोडा" ऐकू येईपर्यंत मी श्वास सोडला नाही. पुढच्या वेळीही नाही. थोड्या वेळानं समोरची फरशी पाण्यासारखी हलायला लागली, तसे मी डोळे मिटले.

"अहो, पेशंट आत आहे. तुम्ही कशाला सराव करताय?"

डोळे उघडले, तर निळ्या गणवेशातला एक तरुण पाण्याचा ग्लास घेऊन उभा. आवाज तोच!

"मी... सोबत म्हणून."

"सोबत छान आहे. पण तुम्ही पडलात तर मला दोन पेशंट."

तो हसला. हसताना त्याची डावी भुवई उजवीच्या आधी वर जायची. असलं काहीतरी टिपायची मला सवयच आहे. विज्ञान शिकल्याचा तोटा.

तो रेडिएशनचा तंत्रज्ञ होता. त्या दिवशी नुसती रंगीत तालीम होती, आणि ती फसली होती. आत्याच्या डाव्या फुप्फुसातली कॅन्सरची गाठ हृदयाच्या अगदी शेजारी. छाती भरून श्वास धरला की हृदय जरासं दूर सरकतं, गाठ स्थिर राहते, आणि किरण नेमके तिच्यावर सोडता येतात. आत्याला पडद्यावर एक रेघ दिसायची. श्वासाबरोबर चढणारी. ती हिरव्या पट्ट्यात थोपवून धरायची, एवढंच काम. पण रेघ पट्ट्याला शिवली रे शिवली, की आत्याला खोकला यायचा.

"भीतीचा खोकला आहे," तो हळूच म्हणाला. "पुन्हा एकदा करून बघू. नाही जमलं तरी उपचार होतील, पण... हृदयालाही थोडा मार बसेल."

ते हृदय मला चांगलं ठाऊक होतं. आई-बाबांच्या बदल्या होत राहिल्या आणि मी आत्याच्या शिलाई मशीनच्या खडखडाटात, तिच्या कापडाच्या चिंध्यांशी खेळत वाढले. त्या हृदयाला ओरखडासुद्धा उठावा, हे मला मान्य नव्हतं.

घरी मी सूचना द्यायला लागले. "श्वास घे. धर."

"शी! तुझा आवाज म्हणजे परीक्षेतला पर्यवेक्षक. मला कॉपी करताना पकडल्यासारखं होतं," आत्या म्हणाली. "त्या हॉस्पिटलातल्या आकाशवाणीलाच बोलव ना."

मग ती रुसून खिडकीशी बटणं लावायला बसली. सुई उजेडाकडे धरली, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं, आणि... थांबली. खांदे हलेनात. खिडकीचा पडदासुद्धा हलेना. दोरा नेढ्यावरून घसरला, तिनं तशीच पुन्हा नेम धरला. दोरा पार झाला तेव्हा कुठे तिची छाती खाली आली. खोकला नाही, काही नाही.

"आत्या! तू आत्ता श्वास धरला होतास!"

"छे गं. मी दोरा ओवत होते."

दुसऱ्या दिवशी मी त्याला हॉस्पिटलात गाठून हे सांगितलं. भुवई वर गेली. डावी, मग उजवी.

"म्हणजे मी त्यांना सुई धरायला सांगायची?"

"हो. आणि... तुमच्या आवाजात माझ्या फोनवर रेकॉर्ड करून द्याल? तिला घरी सरावाला."

"त्यांना?"

"तिलाच!"

"मी कुठे काय म्हटलं..."

आम्ही काचेच्या भिंतीशी उभे होतो. बाहेर भुरभुर पाऊस. काचेवरून थेंब दोऱ्यांसारखे उतरत होते. त्यानं फोन ओठांजवळ धरला. "मावशी, सुई उजेडाकडे धरा... श्वास घ्या... आता दोरा..." बोलत होता फोनशी, बघत होता माझ्याकडे. मी अर्थातच श्वास धरला होता. तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली, आणि फोन माझ्या हातात देऊन तो गेला.

घरी आत्यानं डोळे मिटून हवेत सुई धरली. श्वास घेतला. धरला. फोनमधून नुसता पाऊस... पाऊस... आत्या लाल झाली, एक डोळा उघडला आणि फुस्सकन फुटली.

"अगं, हा मला मारतोय का? 'सोडा' कुठंय?"

नव्हतंच! पावसानंतर थेट ती हाक.

आत्या हसली. हसता हसता खोकली, खोकतानाही हसली. "दिवसभर हेच तर बोलतो गं तो! मग तेव्हा बघत काय होता?"

"पाऊस."

"पाऊस. बरं."

पुढच्या तालमीला रेघ चढली, हिरव्या पट्ट्यात शिरली... आणि राहिली. "दोरा गेला, मावशी. सोडा," दारापलीकडून त्याचा आवाज आला.

मग रोजचं येणं-जाणं सुरू झालं. आत्या थकत गेली. घसा इतका दुखायचा की पाणीही टोचायचं. पण टोमणे चालू. मी पोचायच्या आधी माझ्या बाकावर पाण्याचा ग्लास ठेवलेला असायचा. एकदा मीच धीर करून विचारलं, "चहा घ्यायचा?"

तो बुटांकडे बघत राहिला. "त्या माझ्या पेशंट आहेत. उपचार चालू असताना... बरं नाही दिसत."

"आणि संपल्यावर?"

"आधी संपू देत तर."

उपचार संपले त्या दिवशीही पाऊस भुरभुरत होता. गाठ किती विरली हे स्कॅननंतरच कळणार होतं. तोवर कुणीच काही सांगू शकत नव्हतं. आत्याला टॅक्सीत बसवलं, तेवढ्यात तो फाटकाशी आला. गणवेश नाही. साधा शर्ट, छातीवरचं बटण तुटलेलं.

"आता त्या माझ्या पेशंट नाहीत," तो म्हणाला.

"नाहीत."

"त्या रेकॉर्डिंगमध्ये मी एक शब्द विसरलो होतो. तुम्ही बोलला नाहीत कधी."

"तुम्ही... कशाकडे बघत होतात तेव्हा?"

"तुमच्याकडे. तुम्ही श्वास धरून उभ्या होतात. वाटलं... हे इतक्यात संपू नये."

मी पुन्हा श्वास धरला होता. त्यानंही.

टॅक्सीच्या खिडकीतून, बसलेल्या घशानं, पण अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा हुकूम आला:

"आता दोघांनीही... सोडा!"

आम्ही सोडला. त्याची डावी भुवई आधी वर गेली.

"आणि ते बटण लावून घ्यायला घरी ये रे," आत्या काच वर करता करता म्हणाली. "स्कॅन होईपर्यंत माझ्या हाताला काम हवंय."