दुधाचे दात

अमोघ दुपारी झोपला की घर तासभर माझं असतं. कुकर घासायचा, दोरीवरची दुपटी काढायची आणि उरलेल्या वेळात हे लिहायचं. उत्कर्षची पहिली शिफ्ट सुटली की कंपनीची बस त्याला मकरपुऱ्याच्या कारखान्यातून वासणा रोडला, घराजवळ सोडते. तो जेवतो आणि आमच्याजवळच आडवा होतो.

उन्हाळ्यात एक दिवस तो म्हणाला, "कांचन, झोपेत दात खातेस तू. करकर ऐकून मला जाग आली."

जबडा दुखतच होता. सोसायटीखालच्या श्रद्धाबेन दातांच्या डॉक्टर आहेत. त्यांनी मला निळा कागद चावायला लावून दाढा तपासल्या. "ताण घेता ना? ओठ मिटलेले, दात सुटे, ही सवय लावा. संध्याकाळचा चहा बंद. आणि झोपताना दातांवर हे गार्ड." मऊ, पारदर्शक, माझ्याच दातांच्या मापाचं.

ताण म्हणे. माझी थोरली, मैथिली, त्याआधीच्या श्रावणात तापानं गेली, तेव्हा अमोघ पोटात होता. ती पाच वर्षांची. तीही झोपेत दात खायची. सासूबाई म्हणायच्या, जंत झालेत. डॉक्टर म्हणायचे, मोठी झाली की थांबेल. आमच्या घरात दुधाचे दात पडायच्या आत मूल गेलं तर अग्नी देत नाहीत. सासूबाईंनी तिच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं. "एकही पडला नाही गं," म्हणाल्या. म्हणून पुरलं.

त्या दुपारी गार्ड लावून मी नुसती पडले होते. उत्कर्ष घोरत होता. अमोघ माझ्या कुशीत, बोळकं उघडं टाकून. खालून भंगारवाला ओरडत गेला.

आणि करकर सुरू झाली.

माझे दात गार्डमध्ये होते. सुटे.

आवाज भिंतीकडून येत होता. ती मैथिलीची जागा, तिथं मी अजून तिची उशी ठेवते. आधी दोनदा बारीक, मग एकदा लांब. कुठल्याही आईनं ओळखला असता. भीती नाही वाटली. एवढंच मनात आलं, झिजतील गं दात.

गार्ड काढलं, धुतलं आणि त्या उशीवर ठेवलं. आवाज मऊ झाला.

उठल्यावर उत्कर्षनं पाहिलं. "हे इथं काय करतंय?"

"पडलं असेल."

"ती उशी उचल आता, कांचन. आईपण म्हणते."

"दिवाळीनंतर."

बोलताना त्यानं उशीकडे एकदाही पाहिलं नाही. तेव्हा कळलं, त्यालाही ऐकू येतं.

पुढच्या खेपेला श्रद्धाबेननी गार्ड उजेडात धरलं आणि हसल्या. "अरे, हे तर कोणीतरी मस्त चघळलंय! दुधाचे दात आहेत."

"मुलगी ऐकतच नाही," मी म्हणाले.

दिवाळी गेली. उशी तिथंच राहिली, वर गार्डही. मग आवाज बदलला. मधेच तुटायचा, फटीतून हवा जावी तसा. मी पहिल्यांदा घाबरले. वाटलं, संपत चाललंय. ही पुन्हा जातेय.

उत्कर्षला न सांगता, अमोघला कडेवर घेऊन खाली गेले.

श्रद्धाबेननी गार्ड बराच वेळ फिरवून पाहिलं.

"खालचे पुढचे दोन पडलेत," त्या म्हणाल्या. "त्यातला एक नवा येतोय. ही बघा, करवतीसारखी कड. मागे पक्की दाढही फुटलीय. काळजी करू नका, सगळं वेळेवर आहे."

मी अमोघला घट्ट धरलं. तो रडायला लागला.

"पण तिला हे गार्ड देऊ नका. या वयात जबडा वाढतो. एकदा घेऊनच या ना तिला, बघते मी. कितवीत आहे?"

"पहिलीत," मी म्हणाले.