खडीसाखर विरघळेपर्यंत

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या माझ्या दुसऱ्या बैठकीला एकच माणूस आला, आणि तोही श्रावणसरीपासून आडोसा शोधत! देश स्वतंत्र होऊन वर्ष झालेलं, गावोगाव दारूबंदीचं वारं. शेवगावच्या शाळेत शिकवणाऱ्या मला वाटलं होतं, मुलांना लावते तशी शिस्त या बाप्यांनाही लावीन. कसलं काय! पहिल्या शुक्रवारी बाराजण होते. आज सतरंजीवर मी आणि दवाखान्यातला नवा कंपाउंडर रविकांत.

"बाई, माझ्या एकट्यासाठी भाषण नको हं," ओले केस झटकत तो म्हणाला.

"तुम्ही पिता?" मी फटकन विचारलं.

तो सतरंजीवर टेकला. "आज नाही," म्हणाला आणि हसला. मला ती थट्टाच वाटली.

"बाकीचे गेले कुठं? सगळ्यांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली होती माझ्यासमोर!"

"तिथंच घोळ झाला की. देवाचा बेलभंडार उचलला आणि चौथ्या दिवशी घोट घेतला... आता कुठल्या तोंडानं येणार?"

इतका राग आला मला! तो खरं बोलत होता ना, म्हणून. "मग तुम्हीच शिकवा," मी फणकारले.

त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली आणि खडीसाखरेचा एक खडा माझ्या तळहातावर ठेवला. बोट जरा जास्तच रेंगाळलं... की मलाच तसं वाटलं, कोण जाणे! "एक प्रश्न विचारायचा. मग हा तोंडात टाकायचा. विरघळेपर्यंत बोलायचं नाही."

"आणि कुणीच बोललं नाही तर?"

"तर गावाला तेवढीच शांतता!"

हेडमास्तरांनी बजावलं होतं, पुढच्या शुक्रवारी माणसं आली नाहीत तर शाळेची खोली मिळणार नाही. आठवडाभर मी दारोदार फिरले, येता-जाता दवाखान्यापाशी रविकांतशी वाद घालत. "शपथ मोडली असेल तरी या," एवढंच सांगितलं. शुक्रवारी पाचजण आले, आणि रविकांत.

"आठवडा कसा गेला?" मी विचारलं आणि खडा तोंडात टाकला. अगं बाई, काय ती शांतता! पागोळ्यांचा आवाज येत होता. जिभेवर शंभर उपदेश आले, मी ते साखरेखाली दाबले. समोर रविकांत हसू आवरत होता.

शेवटी सहादेव बोलला. "बाई, म्या बेलभंडार उचलून प्यालो. मंग वाटलं, आता समदंच बुडालं... म्हनून आनखी दोन दिस लई प्यालो."

"माजं बी तसंच झालं," आसाराम म्हणाला. "मला वाटलं मीच एकटा हाय."

मग सगळेच बोलू लागले. आणि सर्वांत शेवटी, मान खाली घालून, रविकांत.

"मीही... नगरची नोकरी दारूपायी गेली माझी. अकरा महिने झाले. पिण्याची हुक्की आली की ही साखर तोंडात टाकतो."

'आज नाही' ही थट्टा नव्हती तर!

"फुडच्या शुक्रवारी येतो, बाई," म्हणत सहादेव आणि बाकीचे उठले. रविकांत एकटाच सतरंजीची घडी घालत राहिला.

"खडा कधीच विरघळला असेल," तो म्हणाला. "बोला ना. रागवा तरी."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही माझ्याशी भांडता ते आवडायला लागलं होतं... तुम्हीच आवडायला लागलात, नीलांबरी. पण 'जन्मात पिणार नाही' अशी शपथ मागाल, तर मला भीती वाटते."

"शपथ नकोच मला." मी सतरंजीचं दुसरं टोक धरलं. "मी रोज विचारीन, तुम्ही रोज खरं सांगायचं. आज?"

"आज नाही."

"मग मलाही तुम्ही आवडता. झालं समाधान? रविवारी घरी या, आमच्या दादांनाही हे सगळं खरं सांगा. मी शेजारी बसेन, तोंडात खडा ठेवून."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"खडा विरघळतोच की! मग मी बोलेन."

तो मोठ्यांदा हसला आणि खिशातली अख्खी पुडी माझ्या हातात ठेवली.

"साखर तर मिळाली," मी म्हणाले, "आता पुडा तेवढा राहिला."

आणि लाजला हो तो... अगदी शप्पथ!